खुर्ची चार वेळा, हजेरी बेचाळीस वर्षे

दरवर्षी भातकापणी उरकली की आमच्या शाळेची सहल मुंबईला जाते. कर्जत-खोपोलीच्या मुलांना मुंबई काही परकी नाही. कोणाचे वडील तिथे नोकरीला, कोणाची फुफी भायखळ्याला, कोणाचा मामू कुर्ल्याला. पण मुंबई पाहणे वेगळे आणि नातेवाइकांकडे जाऊन येणे वेगळे. म्हणून आम्ही मुलांना लोकलने थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत नेतो आणि तिथून पायी फिरवतो. स्टेशनाबाहेर पडले की समोर महापालिकेची भव्य दगडी इमारत आणि तिच्यापुढे एका भारदस्त गृहस्थाचा पुतळा दिसतो. तीनेक वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीने त्या पुतळ्याकडे बोट दाखवून विचारले, "सर, हे कोण?"

आम्ही म्हणालो, "सर फिरोजशहा मेहता."

"त्यांनी काय केलं?"

"फार मोठे पुढारी होते."

"म्हणजे काय केलं?"

या तिसऱ्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. बी.एड.ला इतिहास अध्यापन पद्धती हा विषय आम्ही चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो होतो. काँग्रेसचे मवाळ नेते, नौरोजी, गोखले, मेहता अशी नावांची माळ आम्हाला पाठ होती. पण ज्या माणसाचा पुतळा राजवाड्यापुढे किंवा न्यायालयापुढे नव्हे, तर महापालिकेपुढे उभा केला, त्याने महापालिकेत नेमके काय केले, हे आम्ही कधी वाचलेच नव्हते. मुलगी पुढे निघून गेली. प्रश्न मात्र आमच्याबरोबर परतीच्या गाडीत बसून खोपोलीपर्यंत आला.

त्यानंतर जमेल तसे वाचन केले. त्यातून जे हाती लागले ते आपल्या वाचकांपुढे ठेवावेसे वाटते, कारण ही एका पारशी बॅरिस्टरची कहाणी आहे तशीच ती आपल्याही काही बुजुर्गांची आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नगरपालिका नावाची जी गोष्ट आपण रोज पाहतो आणि कधीच समजून घेत नाही, तिची ही कहाणी आहे.

व्यापाऱ्याचा मुलगा

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १८६४ साली पदवीधर झाले आणि लवकरच एम.ए.ही झाले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा या विद्यार्थ्यावर लोभ होता. त्याच सुमारास रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी हिंदी तरुणांना विलायतेत बॅरिस्टर होण्यासाठी दीड लाख रुपयांची देणगी दिली होती. तीतून फिरोजशहा लंडनला गेले. पण १८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि त्याबरोबर मुंबईचा शेअर बाजारही. भल्याभल्यांचे दिवाळे निघाले. दात्याचीच स्थिती बिघडली आणि शिष्यवृत्ती आटली. घरच्यांच्या मदतीवर शिक्षण पुरे करून फिरोजशहा १८६८ साली बॅरिस्टर होऊन परतले.

लंडनमध्ये त्यांना दोन माणसे भेटली. एक दादाभाई नौरोजी. दुसरे बद्रुद्दीन तय्यबजी, मुंबईच्या सुलेमानी बोहरा व्यापारी घराण्यातले, फिरोजशहांहून वर्षभराने मोठे. तय्यबजी १८६७ साली बॅरिस्टर होऊन आले आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणारे पहिले हिंदी बॅरिस्टर ठरले. या दोघांना पुढे काशिनाथ त्र्यंबक तेलंग येऊन मिळाले. एक पारशी, एक मुसलमान, एक हिंदू. मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचा पाया या तिघांनी घातला असे म्हटले तर वावगे ठरू नये.

क्रॉफर्डचा खर्च आणि सव्वीस वर्षांचा वकील

त्या काळी मुंबईचा कारभार कसा चाले हे आधी पाहिले पाहिजे. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार 'जस्टिस ऑफ द पीस' या सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठित मंडळींकडे आणि त्यांच्या वतीने प्रत्यक्ष काम करणाऱ्या एका म्युनिसिपल कमिशनरकडे होता. निवडणूक नावाचा प्रकारच नव्हता. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. यांच्याच नावाने क्रॉफर्ड मार्केट ओळखले जाई, ज्याला आज महात्मा फुले मंडई म्हणतात. क्रॉफर्ड धडाडीचे होते. त्यांनी गटारे साफ केली, रस्ते केले, मंडई बांधली. पण खर्चाला हिशेब राहिला नाही आणि बोजा घरपट्टीवर आला. १८७१ साली करदात्यांचा संताप उसळला. क्रॉफर्डला घालवा, ही एकच ओरड होती.

नोव्हेंबर १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या सभागृहात फिरोजशहांनी या विषयावर निबंध वाचला. वय सव्वीस. सगळी सभा क्रॉफर्डवर चिडलेली. फिरोजशहांनी उलटेच सांगितले. त्यांच्या मांडणीचा सारांश असा की, क्रॉफर्डने खर्च केला हे खरे, पण शहर राहण्यालायक केले हेही खरे. दोष माणसाचा नाही, व्यवस्थेचा आहे. ज्यांना लोकांनी निवडले नाही, त्या जस्टिसांनी कमिशनरवर लक्ष ठेवायचे होते. ते त्यांनी ठेवले नाही, कारण त्यांना जाब विचारणारे कोणी नव्हते. तेव्हा काम करणारा अधिकारी एकच असावा आणि जबाबदार असावा, पण त्याच्या डोक्यावर करदात्यांनी निवडून दिलेली सभा असावी. तिजोरीची किल्ली त्या सभेकडे असावी.

श्रोत्यांना हे रुचले नाही. त्यांनी हुर्यो केली. पण पुढल्याच वर्षी, १८७२ साली, जो कायदा झाला त्यात या विचाराचे अर्धे तरी प्रतिबिंब पडले. ६४ सदस्यांची कॉर्पोरेशन झाली. त्यांपैकी ३२ सदस्य करदात्यांनी निवडायचे, १६ जस्टिसांनी आणि १६ सरकारने नेमायचे. १८७३ साली पहिली निवडणूक झाली. फिरोजशहा सभागृहात आले आणि १९१५ साली मृत्यूनेच त्यांना तिथून उठवले.

दंगलीच्या वर्षातली मैत्री

याच पहिल्या सभागृहात बद्रुद्दीन तय्यबजीही होते. १८७३ पासून दहा वर्षे ते कॉर्पोरेशनमध्ये राहिले. हे साहचर्य किती अवघड काळात उभे राहिले हे आपण लक्षात घ्यावे. १८७४ च्या फेब्रुवारीत मुंबईत पारशी आणि मुसलमान यांच्यात भयंकर दंगल झाली. एका पारशी गृहस्थाने प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात पैगंबरसाहेबांविषयी आलेल्या मजकुराने आपले लोक दुखावले गेले आणि त्याचा राग पारशी मोहल्ल्यांवर निघाला. अग्यारींवर हल्ले झाले, माणसे मेली. फिरोजशहांनी सरकारच्या आणि पोलिसांच्या ढिलाईवर कडक टीका केली. त्यांची बिरादरी घायाळ होती आणि हल्ला करणारे आपले होते, हे आपण लपवू नये.

त्याच १८७४ साली तय्यबजी बंधू, नाखुदा महंमद अली रोगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. दंगलीत शिरणाऱ्या तरुणाला शाळेत बसवण्याचा तो उद्योग होता असे आम्हाला वाटते. आणि फिरोजशहा व तय्यबजी यांची मैत्री तुटली नाही. ३१ जानेवारी १८८५ रोजी मेहता, तय्यबजी, तेलंग या त्रयीनेच बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. १८८७ साली मद्रासच्या अधिवेशनाचे अध्यक्ष तय्यबजी झाले, १८९० साली कलकत्त्याच्या अधिवेशनाचे फिरोजशहा.

तिसरे नाव रहिमतुल्ला महंमद सयानी यांचे. खोजा समाजातले हे गृहस्थ मुंबई विद्यापीठाचे पहिले मुस्लिम एम.ए. ते १८७६ साली कॉर्पोरेशनवर निवडून आले आणि १८८८ साली तिचे अध्यक्ष झाले. पुढे १८९६ साली काँग्रेसचेही अध्यक्ष झाले. आपल्या मुलांना सयानी हे नाव मुंबईतल्या एका रस्त्यामुळे माहीत असते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबई शहराच्या प्रथम नागरिकाच्या खुर्चीवर एक मुसलमान बसला होता आणि तो कोणाच्या मेहरबानीने नव्हे, तर बारा वर्षे सभागृहात काम करून बसला होता, हे मात्र माहीत नसते.

१८८८ चा कायदा

फिरोजशहा १८८४ साली प्रथम कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले, १८८५ साली पुन्हा झाले. महापौर हे नाव तेव्हा नव्हते. ते १९३१ साली आले. महापालिकेची जी दगडी इमारत आम्ही मुलांना दाखवतो, तिची कोनशिला डिसेंबर १८८४ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसली. भारतातल्या स्थानिक स्वराज्याचे जनक म्हणून ज्यांचे नाव आपण शिकवतो तेच हे रिपन.

पण कोनशिलेपेक्षा मोठे काम पुढे होते. सरकारने मुंबईसाठी नवा म्युनिसिपल कायदा करायला घेतला. पहिल्या मसुद्यात कमिशनरचे हात बळकट केले होते आणि सभेचे दुबळे. फिरोजशहा आणि तेलंग कायदेमंडळात होते. दोघांनी कलमागून कलम लढवले. अखेर १८८८ चा जो कायदा झाला त्यात कॉर्पोरेशन, स्थायी समिती आणि कमिशनर अशी तीन अंगे स्पष्ट झाली आणि सभेचा अधिकार सर्वांच्या वर राहिला. सदस्य ७२ झाले आणि त्यांतले ३६ वॉर्डांतून निवडून येऊ लागले. अनेक दुरुस्त्यांसह तोच मुंबई महानगरपालिका अधिनियम आजही मुंबईला लागू आहे. माणूस जातो, पुतळाही एक दिवस काळा पडतो, पण नीट लिहिलेले कलम सव्वाशे वर्षांहून अधिक काळ काम करीत राहते.

या कायद्यातली एक गोष्ट शिक्षक म्हणून आम्हाला फार मोलाची वाटते. पाणी, गटारे, रस्ते, दिवे यांच्याबरोबर प्राथमिक शाळा चालवणे हेही कॉर्पोरेशनचे कर्तव्य ठरले. ते मर्जीवर सोडले नाही. पण कर्तव्य लिहिले तरी पैसा कुठून यायचा? शहराच्या पोलिसांचा मोठा खर्च सरकार कॉर्पोरेशनकडून वसूल करीत असे. पोलीस सरकारच्या हुकमात आणि बिल करदात्यांना, हा अन्याय असल्याचे फिरोजशहा वर्षानुवर्षे मांडत राहिले. शेवटी १९०७ च्या कायद्याने तडजोड झाली. पोलिसांचा खर्च सरकारने उचलला आणि त्या बदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदतीची जबाबदारी कॉर्पोरेशनने घेतली. म्हणजे दंडुक्याचा पैसा पाटीपेन्सिलीकडे वळला. मुंबई महापालिकेच्या मराठी, उर्दू, गुजराती, हिंदी शाळांत शिकून आपल्या कित्येक पिढ्या उभ्या राहिल्या. त्यांच्या पायाशी हा एक कंटाळवाणा, आकडेमोडीचा वाद आहे, ज्यावर कोणी पोवाडा लिहिला नाही.

हरलेल्या लढाया

फिरोजशहा नेहमी जिंकले असे नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. गलिच्छ वस्त्या पाडून शहर नव्याने वसवायचे म्हणून सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. फिरोजशहांचा विरोध सुधारणेला नव्हता. एवढी मोठी जमीन, एवढा मोठा पैसा लोकांनी निवडलेल्या सभेच्या हाताबाहेर का, हा त्यांचा सवाल होता. ते हरले, ट्रस्ट झाला. पण १९३३ साली तो ट्रस्ट महापालिकेतच विलीन झाला. पस्तीस वर्षांनी त्यांचे म्हणणे खरे ठरले, तेव्हा ते हयात नव्हते.

दुसरी हार आमच्यासारख्या शेतकरी मुलखाला जवळची आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकल्याने जप्त झालेली जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, पण ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क न देता. सावकारापासून रक्षण, असे त्याचे नाव. फिरोजशहांचे म्हणणे असे की, हा शेतकऱ्याला जमिनीचा मालक न ठेवता सरकारचे कूळ बनवण्याचा मार्ग आहे. १९०१ साली पुण्यात कायदेमंडळापुढे हे बिल आले. तिथे सरकारी सदस्यांचे बहुमत होते. सूचना फेटाळली गेली तेव्हा फिरोजशहा उठले आणि सभागृहाबाहेर गेले. त्यांच्यामागे गोखले आणि इतर काही सदस्यही गेले. आज सभात्यागाचे कोणाला काही वाटत नाही. त्या वेळी हे धाडस नवे होते. मुंबईहून पुण्यास जाणारी रेल्वे आमच्या कर्जतवरूनच घाट चढते. फिरोजशहाही याच भातखाचरांतून पुढे गेले असणार, या विचाराने आम्हाला त्या प्रसंगाशी नाते जोडावेसे वाटते.

सतरावा क्रमांक

१९०७ साली तर त्यांना सभागृहातूनच घालवण्याचा बेत झाला. इंग्रज अधिकारी आणि इंग्रजी वर्तमानपत्रवाले यांच्यातल्या काही मंडळींना या माणसाचे वजन सहन होईना. फिरोजशहा जस्टिसांच्या मतदारसंघातून निवडून येत. तिथे १६ जागा होत्या. या मंडळींनी सोळा नावांची यादी बनवून मते फिरवली. निकाल लागला तेव्हा फिरोजशहा सतरावे आले होते. चौतीस वर्षे ज्याने ते सभागृह घडवले तो एका क्रमांकाने बाहेर राहिला.

मुंबईत खळबळ उडाली, सभा झाल्या. प्रकरण न्यायालयात गेले. ही 'कॉकस केस' लढवणाऱ्यांत महंमद अली जीना हे तरुण बॅरिस्टर होते. त्यांच्या नावाशी पुढे जो इतिहास जोडला गेला तो सर्वांना ठाऊक आहे. पण या टप्प्यावर ते फिरोजशहांचे चाहते होते, हीही इतिहासाचीच नोंद आहे. अखेर सोळांपैकी एका सदस्याची निवड रद्द ठरली आणि फिरोजशहा आपल्या जागेवर परतले.

१९०५ साली ते तिसऱ्यांदा अध्यक्ष झाले होते आणि १९११ साली चौथ्यांदा झाले. १९०५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईस आले आणि १९११ मध्ये तेच पाचवे जॉर्ज म्हणून राजा होऊन आले. दोन्ही वेळा शहराच्या वतीने स्वागताला फिरोजशहाच उभे होते. १९११ सालीच सेंट्रल बँक ऑफ इंडिया निघाली. हिंदी लोकांनी हिंदी लोकांसाठी काढलेल्या या बँकेचे पहिले अध्यक्ष तेच. १९१३ साली त्यांनी 'बॉम्बे क्रॉनिकल' हे पत्र सुरू केले, ज्याचे पुढे सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांनी दीर्घकाळ संपादन केले. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी फिरोजशहांचे निधन झाले. त्याच वर्षी आमच्या खोपोलीला टाटांचे वीजघर सुरू झाले होते. लोणावळ्याच्या तलावांतले पाणी नळांतून डोंगराखाली आणून त्यावर वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. ज्या शहरासाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्याची यंत्रे आमच्या घाटाच्या पाण्यावर फिरू लागली, तेव्हा ते अखेरच्या वर्षात होते. त्यांचा पुतळा महापालिकेपुढे १९२३ साली उभा राहिला.

उणे बाजू

हे सारे लिहिताना आम्हाला कोणाची आरती करायची नाही. फिरोजशहा हुकमी स्वभावाचे होते. त्यांना मुंबईचा सिंह म्हणत, बेताज बादशहाही म्हणत, आणि बादशहाला विरोध कितपत आवडतो हे सांगायला नको. लोकमान्य टिळकांच्या पक्षाशी त्यांचे कधी जमले नाही. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली त्यात त्यांच्या ताठरपणाचाही वाटा होता. सर्वांत मोठी उणीव ही की, ज्या करदात्यांच्या हक्कासाठी ते लढले ते करदाते शहरात थोडे होते. ठरावीक रकमेहून अधिक कर भरणाऱ्यालाच मत. चाळीत राहणारा गिरणी कामगार, मदनपुऱ्याचा विणकर, गोदीतला आमचा कोकणी खलाशी यांना त्या सभागृहात आवाज नव्हता. प्रत्येक प्रौढाला मुंबई महापालिकेसाठी मत मिळाले ते स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या निवडणुकीत.

पण दार आधी कोणी तरी उघडावे लागते. ते रुंद करण्याचे काम पुढच्यांचे.

त्या पुढच्यांत आपलेही लोक होते. इब्राहिम रहिमतुल्ला १८९२ साली कॉर्पोरेशनवर आले, १८९९ साली अध्यक्ष झाले आणि पुढे केंद्रीय कायदेमंडळाच्या अध्यक्षपदापर्यंत गेले. युसूफ मेहेरअली १९४२ साली मुंबईचे महापौर झाले. 'क्विट इंडिया' हे शब्द त्यांनीच सुचवले असे सांगितले जाते. त्या ऑगस्टमध्ये ते तुरुंगात गेले. त्यांची कारकीर्द एका वर्षाची, पण त्यांच्या नावाचे केंद्र आमच्या शेजारच्या पनवेल तालुक्यात तारा गावी काम करीत आले आहे.

आमच्या शाळेचे छप्पर

आता आमचीच एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही एका गावच्या नगरपालिकेच्या उर्दू शाळेत होतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी गावे पुष्कळ आहेत. कोकणातला पाऊस आणि कौलारू जुने छप्पर. जुलैत दोन वर्गांत पाणी टपके, मुले दप्तर डोक्यावर धरून बसत. जमातीची मंडळी शाल आणि पुष्पगुच्छ घेऊन नगराध्यक्षांना भेटली. चहा झाला, फोटो झाला, "करून टाकू" असे आश्वासन मिळाले. पुढल्या जुलैतही पाणी टपकतच होते. मग आमच्यात बोलणे सुरू झाले की आपली शाळा म्हणून करीत नाहीत.

मोहल्ल्यात एक निवृत्त हेडक्लार्क होते. आम्ही सारे त्यांना चाचा म्हणत असू. त्यांनी एकच विचारले, "मास्तर, अंदाजपत्रक बघितलंत का?" आम्ही बघितले नव्हते. कोणीच बघितले नव्हते. चाचांनी प्रत मिळवून दिली. तिच्यात शाळा इमारत दुरुस्तीसाठी रक्कम होती. ती दोन्ही वर्षे होती. आमच्या शाळेकडून लेखी प्रस्तावच गेला नव्हता. मार्च संपला आणि पैसे इतरत्र गेले. त्या वर्षी आम्ही डिसेंबरातच प्रस्ताव दिला, इंजिनिअरचा अंदाज जोडला, आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला सर्वसाधारण सभेत प्रश्न लिहून दिला आणि चाचा प्रेक्षकांत जाऊन बसले. पावसाआधी छप्पर झाले.

भेदभाव कुठे होत नाही असे आम्ही म्हणत नाही. होतो, आणि तो आम्ही सोसलाही आहे. पण जिथे आपण अर्जच केला नाही तिथे भेदभावाचे नाव घेण्याचा हक्क आपल्याला उरत नाही. निवडणुकीच्या महिन्यात आपल्या मोहल्ल्यात रात्र रात्र जाग असते. निकालानंतरच्या पाच वर्षांत सभेच्या प्रेक्षकांत आपला एक माणूस दिसत नाही.

आणि सभाच नसेल तर काय होते, हेही आपण पाहिले. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली. निवडणुका लांबल्या आणि पुढली काही वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. राज्यातल्या अनेक नगरपालिकांतही तेच झाले. १८७१ साली एका सव्वीस वर्षांच्या वकिलाने जो सवाल केला होता, तोच दीडशे वर्षांनी पुन्हा उभा राहिला. काम करणारा अधिकारी चांगला असेलही, पण त्याला विचारणार कोण? त्या काळात किती जणांना ही उणीव जाणवली? आमच्या शिक्षक खोलीत तर कोणी विषयही काढला नाही.

फिरोजशहा चार वेळा खुर्चीवर बसले, पण बेचाळीस वर्षे हजर राहिले. खुर्ची त्यांना मोठी करू शकली नाही, हजेरीने केले. तय्यबजी दहा वर्षे हजर राहिले, सयानी बारा वर्षे हजर राहून अध्यक्ष झाले. आपल्या समाजाला आज नगराध्यक्ष हवा असतो, महापौर हवा असतो. जरूर हवा. पण त्याआधी अंदाजपत्रक वाचणारे दहा जण हवेत.

गेल्या हिवाळ्यात सहल पुन्हा त्या पुतळ्यापाशी थांबली. मुले नवी होती, पण प्रश्न तोच आला. या वेळी आम्ही म्हणालो, "यांनी तुमच्यासारख्या मुलांच्या शाळेचा पैसा कुठून येणार हे ठरवण्यासाठी वर्षानुवर्षे वाद घातला." एका मुलाने लगेच विचारले, "आपल्या शाळेचा पैसा कोण ठरवतं, सर?"

आम्ही त्याला सांगितले की, सोमवारी वर्गात अंदाजपत्रकाची प्रत घेऊन येतो. सोमवारी ती आम्ही नेली.